श्रद्धा वारशाने देता येते का?

बालसंस्कार वर्गात मुलाला पहिल्यांदा सोडायला येणारे पालक बहुधा एकच गोष्ट बोलतात : "ताई, याला जरा चांगले संस्कार लागू देत." तीस-बत्तीस वर्षे वर्ग घेताना हे मी किती वेळा ऐकले असेल याची मोजदाद नाही. दर वेळी मी मान डोलावली, वहीत नाव लिहून घेतले आणि पुढच्या रविवारी गीतेचा पंधरावा अध्याय सुरू केला. संस्कार लागतो म्हणजे नेमके काय होते, आणि लागल्यावर तो मुलाचा असतो की लावणाऱ्याचा, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. तो आला एका ख्रिस्ती कुटुंबाच्या शेजारी राहताना, आणि तेही घरापासून फार दूर.

मागच्या वर्षी जुलै ते डिसेंबर मी मुलीकडे होते. ती अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहराच्या बाहेर राहते. शेजारच्या घरात त्याच जूनमध्ये टेक्सास राज्यातून एक कुटुंब राहायला आले होते. वडील नैसर्गिक वायूच्या क्षेत्रात अभियंता. कामाची जागा बदलली म्हणून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर सगळे बिऱ्हाड हलवलेले. चार मुले : थोरली चौदा वर्षांची, मग अकरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचे शेंडेफळ. माझा नातू मला 'आजी' म्हणतो म्हणून तीही चौघे मला 'आजी'च म्हणू लागली. ऑगस्ट संपत आला, नातवाची शाळा सुरू झाली, पिवळी बस रोज कोपऱ्यावर थांबू लागली, तरी ही मुले घरीच. मुलीने सांगितले, "आई, ती शाळेत जात नाहीत. त्यांची आईच शिकवते. होमस्कूलिंग."

मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. शाळेत न जाणारे मूल म्हटले की माझ्या कपाळावर आठी पडते. त्यातून कारण धार्मिक आहे असे कळल्यावर तर वाटले, ही मुलांना जगापासून लपवून ठेवण्याची रीत दिसते. आपल्याकडे काही जण लगेच म्हणतील, हे तर आपले गुरुकुल! तसे नाही. गुरुकुलात मूल आईवडिलांचे घर सोडून दुसऱ्याच्या घरी जात असे. इथे ते घर सोडतच नाही.

पण ओळख वाढली तशी त्यामागची बाजू समजली. या लोकांचा आधार बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय आहे. देवाच्या आज्ञांविषयी मुलांशी घरात बसताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना बोलत राहावे, असे तिथे आईवडिलांना सांगितले आहे. शेजारीण मला म्हणाली, "दिवसाचे सात तास मुले दुसऱ्याकडे दिली, तर हे बोलणे कधी करायचे?" या प्रश्नाला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते. आपणही म्हणतोच की अध्यात्म जगण्यात उतरले पाहिजे, आठवड्यातून तासभर ऐकून भागत नाही. तिने ते शब्दशः घेतले होते, एवढेच.

सरकारी शाळेविषयी त्यांच्या मनात जी अढी आहे, तिलाही मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा याच पेनसिल्व्हेनियात घडला आहे. इथल्या फिलाडेल्फिया शहरात 1844 साली शाळेत कोणत्या पंथाचे बायबल वाचायचे यावरून वाद पेटला. प्रोटेस्टंट बायबल सर्वांनाच का, असे कॅथलिकांचे म्हणणे होते. त्या तणावातून दंगली झाल्या, चर्च जाळली गेली, माणसे मेली. एकाच येशूला मानणारी ही माणसे. पुढे राज्याने कायदाच केला की शाळेचा दिवस बायबलच्या किमान दहा वचनांनी सुरू व्हावा. 1956 मध्ये अ‍ॅबिंग्टन गावातल्या एलरी शेम्प नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला हे खटकले. त्याने वाचनाच्या वेळी कुराणाची प्रत उघडली आणि तो ती मनातल्या मनात वाचत बसला. शेम्प कुटुंबाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1963 मध्ये सरकारी शाळांतील हे सक्तीचे बायबलवाचन घटनाबाह्य ठरले. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाशी परिचित असलेल्यांना हा निर्णय परका वाटणार नाही. पण अनेक भाविक ख्रिस्ती कुटुंबांना त्यानंतर सरकारी शाळा आपली वाटेनाशी झाली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यांनी मुले घरी शिकवायला सुरुवात केली, त्यासाठी खटले झेलले, आणि 1993 पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरच्या शिक्षणाला कायद्याने जागा मिळाली.

जागा मिळाली, तरी प्रत्येक राज्याची रीत वेगळी, आणि शेजारणीच्या पहिल्या वर्षातील पहिला धक्का हाच होता. टेक्सासमध्ये 1994 च्या न्यायनिवाड्यानंतर असे घर म्हणजे एक खाजगी शाळाच मानतात. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढे विषय प्रामाणिकपणे शिकवा, कोणाला कळवण्याचीही गरज नाही. पेनसिल्व्हेनियात 1988 चा कायदा आहे. दरवर्षी स्कूल डिस्ट्रिक्टला नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र द्यायचे, वर्षाचे 180 दिवस भरायचे, रोजची नोंद आणि मुलांच्या कामाचे नमुने जपून ठेवायचे, तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित चाचणी द्यायची, आणि वर्षअखेरीस बाहेरच्या पात्र परीक्षकाने मुलांशी बोलून शिक्षण योग्य झाल्याचे लिहून द्यायचे. योगायोग असा की तिची तिन्ही मोठी मुले नेमकी तिसरी, पाचवी आणि आठवीतच होती. शिवाय आगीचे धोके आणि बचाव हा विषय कायद्याने सक्तीचा. ती हसून म्हणाली, "टेक्सासमध्ये मी आठ वर्षे शिकवले, पण आग कधी शिकवली नाही." मला मात्र हा कायदा शहाणपणाचा वाटला. आईवडिलांवर विश्वास ठेवायचा, पण मुलाला कोणीतरी तिसऱ्या माणसाने वर्षातून एकदा तरी भेटून विचारायचे.

दुसरा धक्का कागदाचा नव्हता. टेक्सासमध्ये त्यांच्या चर्चमधली तीसेक कुटुंबे मिळून एक को-ऑप चालवत. आठवड्यातून एक दिवस चर्चच्या सभागृहात सगळी मुले जमायची. कोणाची आई शास्त्राचे प्रयोग घ्यायची, कोणाचे वडील लॅटिन, ही स्वतः इतिहास. मैत्री, खेळ, भांडणे, वाढदिवस, सगळे त्याच माणसांत. पेनसिल्व्हेनियात यातले काहीच नव्हते. एका को-ऑपमध्ये ती चौकशीला गेली तेव्हा तिथे श्रद्धापत्रावर सही मागितली. त्यात सृष्टी चोवीस तासांच्या सहा दिवसांत निर्माण झाली असे कलम होते. तिचा नवरा जमिनीखालच्या खडकांवर पोट भरणारा माणूस. तो म्हणाला, देव मानतो, पण हे मी खोटे लिहिणार नाही. सही झाली नाही आणि प्रवेशही झाला नाही. रविवारी ते एकेका नव्या चर्चमध्ये जाऊन बघत होते, पण मन कुठे लागत नव्हते. सकाळी न्याहारीच्या टेबलाशी वडील बायबल वाचत, प्रत्येक जण आळीपाळीने प्रार्थना म्हणे. दिवसाचा तेवढाच भाग जुना राहिला होता.

हे ऐकताना मला 1992 साल आठवले. यजमान रेल्वेत, सांगलीकडून थेट जबलपूरला बदली. मुलगी सात वर्षांची. सांगलीत आमच्या वाड्यातच सत्संग भरायचा, सणवार सगळ्यांचे एकत्र. जबलपुरात आपल्या कार्याचे केंद्र होते, पण घरापासून लांब आणि सगळे हिंदीतून. पहिल्या वर्षी मी इतकी घाबरले होते, की मुलगी हातातून जाईल या भीतीने घरातच वर्ग सुरू केला. पुढे तो वाढला, आज केंद्रात त्याचे कौतुक होते. पण सुरुवात सेवाभावापेक्षा भीतीतून झाली होती, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या तयारीत मी चकल्या पाडत होते. शेजारीण मागच्या दाराने आली आणि खुर्चीवर बसून रडू लागली. तिचे म्हणणे समजायला त्यांच्या पंथाची एक गोष्ट माहीत हवी. ते बॅप्टिस्ट आहेत. इतर अनेक ख्रिस्ती पंथांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्टांत तसे नाही. माणसाने स्वतः समजून-उमजून, आपल्या तोंडाने श्रद्धा व्यक्त केल्यावरच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचा. थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा टेक्सासमध्येच ठरत आला होता, तेवढ्यात स्थलांतर झाले. आता इथल्या एका चर्चमध्ये तो करावा असे आईवडिलांनी ठरवले, तर मुलगी म्हणाली, माझे नाव देऊ नका. तिथे सगळेच मानत होते म्हणून मी मानत होते, की मी खरोखर मानते, हे मला इथे आल्यापासून कळेनासे झाले आहे.

मी शिक्षिकेच्या सवयीने सल्ला दिला. "वय आहे. तू लक्ष देऊ नकोस. नेत राहा, करून टाक, सवयीने बसेल."

ती डोळे पुसून म्हणाली, "आजी, तिने मनापासून म्हटले नाही तर तो बाप्तिस्मा होत नाही. ती फक्त ओली होईल."

मी चकलीचा सोऱ्या खाली ठेवला. या बाईने मुलीचे पुस्तक, मित्र, धडे, दिनक्रम सगळे चौदा वर्षे स्वतः निवडले होते. आणि आता तिचीच श्रद्धा तिला सांगत होती, की जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, ती तुला मुलीसाठी निवडता येणार नाही.

वडिलांची बाजू मी नंतर ऐकली. आपण ती सहज बाजूला सारू नये. ते म्हणाले, "थोरलीने प्रार्थना म्हणायची सोडली तर उद्या आठ वर्षांची सोडेल, तीही समजून नव्हे, ताईचे बघून. मग आम्ही घर म्हणून काही उभे करायचे की नाही? शाळेला आपले वातावरण असते, टीव्हीला असते, मग आईवडिलांनाच ते नसावे का?" हे म्हणणे मला बरोबर वाटते. 'मोठेपणी त्यांचे ते ठरवतील, आपण काही लादू नये' असे सांगणारे पालक आता आपल्याकडेही पुष्कळ दिसतात. पण काहीच न देणे हीसुद्धा एक शिकवण असते. ज्या घरात कधी हात जोडले जात नाहीत, त्या घरातले मूल निवड करायला मोकळे राहत नाही. हात जोडण्यासारखे काही नाही, हे ते शिकून बसलेले असते. मातृभाषा कोणती हवी, असे आपण बाळाला विचारत बसत नाही. आपण बोलतो आणि ते बोलू लागते.

मात्र भाषेचा दाखला एका जागी अपुरा पडतो. मराठी बोलताना 'मला मराठी पटते' असे म्हणावे लागत नाही. श्रद्धेला मात्र आतून होकार लागतो, आणि आई मुलाच्या वतीने पुष्कळ गोष्टी करू शकत असली तरी होकार देऊ शकत नाही.

तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात मुलीच्या कार्डावर मी या विषयावरची पुस्तके आणून वाचली, तेव्हा 1972 चा एक खटला सापडला. विस्कॉन्सिन राज्यातील आमिश पंथाच्या तीन वडिलांनी मुलांना आठवीनंतर शाळेत पाठवणे बंद केले. कायद्याने सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. प्रत्येकाला पाच डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने आमिश पालकांच्या बाजूने निकाल दिला, त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा मान राखला. पण न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः भिन्नमत नोंदवले. त्यांचा मुद्दा साधा होता. इथे वडिलांचा हक्क तपासला, राज्याचा तपासला, पण ज्यांचे आयुष्य ठरते आहे त्या मुलांना कोणी विचारले? तीन मुलांपैकी फक्त एका मुलीची, फ्रीडा योडरची, साक्ष झाली होती. उरलेल्या दोघांचे मत नोंदवलेलेच नव्हते.

मला त्या दोन मुलांचा विचार बरेच दिवस सुटेना. कदाचित त्यांना वडिलांचेच म्हणणे मान्य असेल. पण मान्य आहे का, एवढे विचारायला काय हरकत होती?

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आणि जास्त दुखरे आहे. जानेवारी 1897 मध्ये गांधीजी डर्बनला उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन मुलगे आणि एक भाचा होता. मुलांना कुठे शिकवायचे हा प्रश्न उभा राहिला. गोऱ्यांच्या शाळेत मेहेरबानी म्हणून प्रवेश मिळाला असता, तो त्यांना नको होता. मिशनच्या शाळाही नको होत्या. महिना सात पौंड देऊन एक इंग्रज शिक्षिका ठेवली, ते फार काळ जमले नाही. मग घरीच, जमेल तेव्हा, स्वतः शिकवायचे असे ठरले. हे सर्व त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. मुलांना पुस्तकी शिक्षण पुरेसे देता आले नाही आणि मुलांची त्याबद्दल तक्रार राहिली, हेही लपवलेले नाही. चारित्र्याचे, साधेपणाचे, सेवेचे जे शिक्षण घरी मिळाले ते शाळेत मिळाले नसते, यावर मात्र ते ठाम राहिले. थोरले हरिलाल 1911 मध्ये शिक्षणासाठी वडिलांचे घर सोडून भारतात आले, आणि पुढे पिता-पुत्रांमधली दरी कधी भरली नाही. त्याच घरात, त्याच प्रयोगात वाढलेले धाकटे मणिलाल मात्र दक्षिण आफ्रिकेत राहिले आणि 1956 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'इंडियन ओपिनियन' चालवत राहिले. घर एकच होते, शिकवणही एकच. गांधीजींहून अधिक प्रामाणिक शिक्षक आपण कुठून आणणार? तरीही एका मुलाने तो वारसा घेतला आणि दुसऱ्याला तो ओझे वाटला. यावरून प्रयोग चुकला असे मी म्हणणार नाही. पण देणाऱ्याचा प्रामाणिकपणा पुरेसा असतो, हा माझा समज तिथे डळमळला.

गीतेच्या अठराव्या अध्यायातला त्रेसष्टावा श्लोक आपल्या सर्वांना पाठ आहे. सगळे गुह्य ज्ञान सांगून झाल्यावर भगवान अर्जुनाला म्हणतात, की आता याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर. मी हा श्लोक शेकडो मुलांकडून म्हणवून घेतला. उच्चार तपासले, विसर्ग तपासले. प्रत्यक्ष सांगणारा भगवान आहे, ऐकणारा शरण आलेला शिष्य आहे, समोर युद्ध उभे आहे, आणि तरी शेवटचा निर्णय ऐकणाऱ्यावर सोडला आहे. या जागी मी वर्गात कधी थांबले नाही. पुढे लगेच सहासष्टावा श्लोक येतो, तो अधिक प्रसिद्ध आहे, शरण ये म्हणणारा. त्यावर मी खूप बोलले आहे. पण शरण येण्याआधी 'विचार कर' असे म्हटलेले आहे, हा क्रम मला शेजारच्या बॅप्टिस्ट बाईने दाखवला, आणि तिने गीता कधी हातात धरलेली नाही.

यानंतर एक प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. माझी मुलगी सात वर्षांची असल्यापासून माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसली. बारावा आणि पंधरावा अध्याय आठव्या वर्षी तोंडपाठ, केंद्राच्या स्पर्धेत तीन वर्षे पहिली. आज तिच्या घरात देव्हारा आहे, पण सत्संगाला ती जात नाही. पिट्सबर्गजवळ पेन हिल्सला वेंकटेश्वराचे सुंदर मंदिर आहे, तिथेही मीच आग्रह केला तर येते. एका रात्री भांडी आवरताना मी विचारलेच. "तुला त्या वेळी कंटाळा यायचा का गं?"

ती म्हणाली, "कंटाळा नाही यायचा. भीती वाटायची. श्लोक चुकला की तू सगळ्यांसमोर माझ्याकडे बघायचीस. पंधरावा अध्याय मला अजून पाठ आहे, आई. पण म्हणायला लागले की तो हॉल आठवतो आणि तुझा चेहरा."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तू याला शिकव ना, मला आवडेल. फक्त तो नको म्हणाला तर थांब." दुसऱ्या दिवशी नातवाने दोन श्लोक आनंदाने म्हटले आणि तिसऱ्याला उठून सायकल घेऊन बाहेर गेला. त्याला हाक मारायला तोंड उघडले होते, ते मिटायला मला कष्ट पडले. ही माझी मुलगी दर शनिवारी सकाळी फूड बँकेत धान्याच्या पिशव्या भरायला जाते. हे कुठून आले, ते मी विचारले नाही.

शेजारी पुढे काय झाले ते सांगते. आईवडिलांत महिनाभर मतभेद राहिले. शेवटी ठरले ते असे. न्याहारीच्या वाचनाला थोरलीने बसायचे, कारण तो घराचा नियम आहे. प्रार्थना म्हणायची की नाही, हे तिचे तिने ठरवायचे. धाकटीने विचारले तर 'ताई विचार करते आहे' असे खरे तेच सांगायचे. मुलीने आणखी एक मागितले, शाळेच्या गायनवृंदात जाण्याची परवानगी. घरी शिकणाऱ्या मुलांना शाळेच्या अशा उपक्रमांत भाग घेण्याची मुभा तिथला कायदा देतो. वडिलांना ते जड गेले, पण ते स्वतः गाडीने सोडायला जाऊ लागले. डिसेंबरमध्ये शाळेच्या कार्यक्रमाला आम्ही दोन्ही कुटुंबे गेलो. तिथे नाताळची गीते होती, आणि ज्यूंच्या हनुक्का सणाचेही एक गीत होते. वडील पूर्ण वेळ हात बांधून बसले होते. मुलीची रांग उभी राहिली तेव्हा त्यांनी फोन काढून चित्रीकरण केले.

हा शेवट गोड झाला असे वाचकांनी समजू नये. जूनमध्ये वर्ष पूर्ण झाले, परीक्षक बाई येऊन गेल्या. त्यांनी तिन्ही मुलांना जवळ बसवून गप्पा मारल्या, वह्या पाहिल्या, आगीपासून बचावाची चित्रेसुद्धा पाहिली, आणि शिक्षण उत्तम झाल्याचे लिहून दिले. मुलीचा बाप्तिस्मा झालेला नाही. त्या कुटुंबाने एक चर्च आता नक्की केले आहे. ती काही रविवारी जाते, काही रविवारी जात नाही. व्हिडिओ कॉलवर तिची आई मला म्हणाली, "मी रोज रात्री तिच्यासाठी प्रार्थना करते. पूर्वी तिच्याबरोबर करायचे." हे सांगताना तिचा आवाज स्थिर नव्हता. मुलीला मोकळीक देणे तिला सोपे गेलेले नाही. ती मोकळीक मुलीला परत तिथेच आणील, याची हमी तिला कोणी दिलेली नाही, आणि मीही दिली नाही.

जानेवारीत परतल्यावर मी आपल्या वर्गातले हजेरीचे बक्षीस बंद केले. पाठांतराच्या स्पर्धेत क्रमांक काढणेही थांबवले. पाठांतर चालू आहे, पण ज्याला म्हणायचे आहे त्याने म्हणावे. अर्थाचा तास वाढवला आणि प्रश्नांसाठी शेवटची पंधरा मिनिटे ठेवली. पहिल्या दोन महिन्यांत अठ्ठावीस मुलांची एकोणीस झाली. बरोबरीने वर्ग घेणाऱ्या सेविका माझ्यावर नाराज आहेत. त्यांचे म्हणणे, "ताई, मूल आधी यायला तर हवे. बक्षिसासाठी का होईना, आले तर कानावर काही पडेल. आलेच नाही तर कसला विचार आणि कसली इच्छा?" त्या चुकीचे बोलत आहेत असे मला म्हणता येत नाही. मीही एके काळी बक्षिसाच्या पेढ्यासाठीच सांगलीच्या सत्संगात जात होते. केंद्राच्या मासिक अहवालात उपस्थितीचा रकाना असतो. त्यात एकोणीस लिहिताना माझा हात थोडा थांबतो.

एप्रिलमध्ये एका दहा वर्षांच्या मुलाने त्या शेवटच्या पंधरा मिनिटांत विचारले, की देव सगळीकडे आहे तर आपण इथे का येतो, घरी का नाही बसत? पूर्वी मी याला ठरलेले उत्तर दिले असते. या वेळी त्यालाच विचारले, तुला काय वाटते? तो म्हणाला, सांगतो पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही. त्याच्या आईला फोन करावा असे अनेकदा वाटले. गेल्या रविवारी तो आला आणि मागच्या रांगेत बसला. श्लोक सुरू झाल्यावर तो म्हणत होता की नाही, ते मी पाहिले नाही.